बाळाची मान एकाच बाजूला वळते: गोव्याचा ऑस्टिओपॅथ, फिजिओ की आमची आक्का?

आबोली | मालवण | १८ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लेक सहा आठवड्यांची झाली. पहिलंच बाळंतपण, माहेरी आलेय. मालवणपासून आत, खाडीच्या अंगाला गाव आहे. नवरा मुंबईला, आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर भेटतो. शेवटी व्हॅक्यूम लावून बाळ काढलं, बाकी सगळं नीट.

लेक कायम उजवीकडेच बघते. झोपेतही मान तिकडेच. डाव्या बाजूला खुळखुळा वाजवला तर डोळे वळवते, मान नाही. आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळून समोर धरलं की डोकं डाव्या खांद्याकडे किंचित कललेलं दिसतं. डोक्याची मागची उजवी बाजू चपटी व्हायला लागलीय. आईने राईची उशी शिवून दिलीय, त्याने काही फरक नाही. त्यात रोज दिवेलागणीला रडायला लागते ती नऊ-साडेनऊपर्यंत. पाय पोटाशी घेते, तोंड लालबुंद होतं. दिवसभर मात्र छान असते, अंगावर नीट पिते, वजन २ किलो ९०० वरून ३ किलो ९०० झालंय.

आई म्हणते, "मान धरली हा गो चेडवाची, चोळून सोडवक होयी." मालीश करायला येणाऱ्या आक्काने मला आणि माझ्या भावालाही न्हाऊ घातलंय. तिच्या हाताला गुण आहे असं सगळी वाडी म्हणते. काल तिने लेकीचं डोकं दोन तळव्यांत धरलं आणि डावीकडे नेलं. लेक अशी किंचाळली की मी बाजेवरून उठून तिला ओढूनच घेतलं. आक्काचा चेहरा पडला. तेही मला बघवलं नाही.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला असते. ती म्हणते ऑस्टिओपॅथकडे ने, तिकडे सगळ्या जणी नेतात. गोव्यात एक सापडला. एका बैठकीचे अडीच हजार आणि निदान चार बैठका लागतील म्हणतात. पैशाचं बघून घेऊ, पण या पावसात सहा आठवड्यांचं बाळ घेऊन बांद्यापलीकडे चार फेऱ्या मारायच्या म्हणजे मला धीर होत नाही. हे शास्त्र नक्की काय आहे? कोणी केलंय का? सातव्या महिन्यापासून माझीही कंबर आणि जांघ धरलेली आहे, अजून सुटली नाही. कृपया नीट सांगा, मी चार दिवस झोपलेली नाही.

---

पाणंद | गुहागर | १९ जून, सकाळी ६:१५

आबोली, आधी एक कप गरम दूध घे आणि आईला सांग की सकाळचे दोन तास बाळ तुझ्याकडे नको. झोप. बाळंतिणीची झोप गेली की सगळंच मोठं दिसतं.

मानेचं इथले जाणकार सांगतील. मला आक्काविषयी बोलायचंय. तिला घरातून काढू नकोस. मान तिच्या हातात देऊ नकोस, पण पाठ, पाय, पोट चोळू दे. माझ्या तीन बाळंतपणांत अशाच एका बाईने मला उभं केलं. दिवसभरात माझ्याकडे, बाळाकडे नव्हे, माझ्याकडे बघणारं ते एकच माणूस होतं.

---

खाडीकाठ | देवगड | १९ जून, सकाळी ९:५०

मी बाप म्हणून लिहितोय. इथे सहसा लिहीत नाही.

आमची मुलगी पायाळू. आपल्याकडे पायाळू माणसाचं काय कौतुक असतं ते सगळ्यांना माहीत आहे. कोणाची कंबर लचकली, कोणाला उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा. आमची तान्ही चार महिन्यांची असताना शेजारपाजारचे येऊन तिचा पाय पाठीला लावून घ्यायचे. आम्हालाही बरं वाटायचं. मालीश झाली की बाई तिचे दोन्ही पाय सरळ ओढून, जुळवून, दुपट्यात घट्ट बांधायची. पाय वाकडे होऊ नयेत म्हणून. बाळ काठीसारखं सरळ दिसायचं आणि शांत झोपायचं.

चौदाव्या महिन्यात ती चालायला लागली तेव्हा डावीकडे झुकून चालायची. जिथे दाखवलं तिथे "होईल सरळ" असं ऐकून आम्ही आणखी दोन महिने घालवले. मग एका हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. डावा खुबा जन्मापासूनच खोबणीत नीट बसलेला नव्हता. ऑपरेशन झालं. नंतर कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर, भर मे महिन्यात. त्या प्लास्टरच्या आत खाज सुटली की ती माझा हात धरून प्लास्टरवर आपटायची. ते मी विसरू शकत नाही.

पायाळू बाळांत खुबा सैल असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून सहाव्या आठवड्याच्या आसपास खुब्याची सोनोग्राफी करून घ्यायची असते. हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही. तेव्हा सापडलं असतं तर नुसत्या पट्ट्यांनी, पाय बेडकासारखे फाकवून ठेवून भागलं असतं. गावातल्या सगळ्यांच्या कमरा तिच्या पायाने बऱ्या करून घेतल्या, तिचा स्वतःचा खुबा कोणी बघितला नाही.

आबोली ताई, गोवा-बिवा नंतर बघा. आधी बाळ डॉक्टरांच्या हातात द्या. मान बघतील तेव्हा खुबेही बघायला सांगा, तोंडाने सांगा. आणि पाय सरळ बांधत असाल तर आजच सोडा.

---

सुरुबन | चिपळूण | १९ जून, दुपारी २:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांचं काम बारा वर्षं करतेय. बाळ न बघता निदान करत नाही, पण आबोलीने जे लिहिलंय ते वाचून शंका कशाची येते ते सांगते.

कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खालच्या हाडापर्यंत तिरका जाणारा एक स्नायू असतो. आरशासमोर मान वळवली की गळ्यावर दोरीसारखा उठून दिसतो तो. काही बाळांत जन्मापासून एका बाजूचा हा स्नायू आखूड, घट्ट असतो. पोटात जागा कमी पडल्यामुळे, बाळ पायाळू असल्यामुळे, कधी प्रसूतीत ताण आल्यामुळे. डावा स्नायू घट्ट असला की डोकं डावीकडे कलतं आणि हनुवटी उजवीकडे वळते. आबोली, तुझं वर्णन अगदी हेच आहे. सतत उजवीकडे तोंड करून झोपल्यामुळे डोक्याची उजवी मागची बाजू चपटी होते. काही बाळांच्या त्या स्नायूत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुपारीएवढी गाठ लागते, घरचे घाबरतात, पण ती बहुधा आपोआप विरते.

तीन महिन्यांच्या आत सुरुवात केली तर बहुतेक बाळांची मान नुसत्या व्यायामाने सरळ होते. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. म्हणून घाई करायची ती भीतीपोटी नाही, वय हाताशी आहे म्हणून. आधी बालरोगतज्ज्ञांनी बघायला हवं, कारण मान कलण्याची कारणं डोळ्यांत, मणक्यांत, क्वचित दुसरीकडेही असू शकतात. खाडीकाठ दादांनी सांगितलं तसं खुबे बघायचेच, हे दोन दोष कधी कधी एकाच बाळात सापडतात.

डॉक्टर भेटेपर्यंत घरी हे कर. पाळणा कसा लावलाय ते बघ. बाळ नेहमी उजेडाकडे, दाराकडे, माणसांच्या आवाजाकडे तोंड करतं. दार तिच्या उजवीला आणि भिंत डावीला असेल तर ती भिंतीकडे कशाला बघेल? डोकं-पाय उलट कर, म्हणजे दार डावीला येईल. बोलायचं, दिवा लावायचा, सगळं तिच्या डाव्या बाजूने. राईची उशी काढून टाक. वर्षाखालच्या बाळाला झोपताना कसलीही उशी नको, त्यात नाक-तोंड दबण्याचा धोका असतो. झोप नेहमी पाठीवर आणि सपाट जागी. साडीच्या झोळीत बाळ दुमडून बसतं, मान वळवायला जागाच राहत नाही, म्हणून झोळी थोडा वेळच. जागी असेल तेव्हा मात्र तिला तुझ्या छातीवर पालथी घाल, दिवसातून जमेल तितक्या वेळा, दोन-दोन मिनिटं. कडेवर घेताना तिची डावी कूस खाली, तुझा हात तिच्या डाव्या गालाखाली, तोंड बाहेर. असं धरून अंगणात हिंडलीस तरी तो स्नायू हळूच ताणला जातो.

मान हाताने वळवण्याचे व्यायाम प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नकोस. आक्काने नेली तशी तर अजिबात नको. बाळ रडायला लागलं की स्नायू आणखी आवळतो, त्या ताणाचा उपयोग शून्य.

तुझ्या कमरेविषयी. गरोदरपणात कमरेच्या मागच्या आणि पुढच्या सांध्यांचे बंध सैल होतात आणि जांघेत कळ येते, हे खूप बायकांना होतं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उतरतं, पण आपल्याकडचं राहणीमान त्याला आड येतं. एका कडेवर कळशी घेऊन पाखाडी चढणं, विळीवर एक पाय मुडपून बसणं, एका पायावर उभं राहून परकर घालणं, हे सगळं त्या सांध्याला वाकवतं. बसून कपडे घाल. कुशीवर वळताना दोन्ही गुडघे जुळवून वळ. झोपताना गुडघ्यांत उशी. पायरी एकेक चढ, दोन्ही पाय एका पायरीवर आणून. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, लघवी रोखून धरल्यासारखं आवळून सोडायचं, रोज थोडे थोडे. तीन महिन्यांनीही राहिलं तर फिजिओला दाखव.

---

सागरगोटा | ब्रिस्टल, मूळची वेंगुर्ल्याची | १९ जून, रात्री १०:०५

आबोलीची मावसबहीण मी नाही, पण मीही इथेच राहते आणि दोन्ही बाळंतपणांत ऑस्टिओपॅथकडे गेले होते.

इकडे ऑस्टिओपॅथ म्हणजे हाडं, सांधे, स्नायूंवर हातांनी उपचार करायचं चार-पाच वर्षांचं शिक्षण घेतलेला माणूस. १९९३ चा कायदा आहे, वेगळी परिषद आहे, तिथे नोंदणी नसेल तर ती पाटी लावणं गुन्हा ठरतो. सातव्या महिन्यात माझी कंबर इतकी गेली होती की बसमध्ये चढता येईना. त्या बाईंनी मला कुशीवर झोपवलं, पाऊण तास हळूहळू दाबत, ताणत राहिल्या. कसला कडकड आवाज नाही. तीन वेळा गेले, चालायला लागले. बाळाला नेलं तेव्हा त्यांनी डोक्यामागे, मणक्यावर नुसती बोटं टेकवली. बघणाऱ्याला वाटावं काही करतच नाहीयेत. ते झोपून गेलं. त्याचं रडणं त्याच आठवड्यात कमी झालं. मला त्यांनी काय केलं ते समजत नाही, पण फायदा झाला एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. उगाच नावं ठेवू नयेत म्हणून लिहिलं.

---

सुरुबन | चिपळूण | २० जून, सकाळी ८:२०

सागरगोटा, नावं मुळीच ठेवत नाही. तुझ्या अनुभवाला मान देऊन जे माहीत आहे ते मांडते, म्हणजे आबोलीला ठरवता येईल.

हे शास्त्र अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८७४ मध्ये मांडलं. त्याआधी दहा वर्षं, १८६४ मध्ये, त्यांची तीन मुलं मेंदूच्या आवरणाच्या आजाराने गेली होती आणि हाताशी असलेली औषधं काही करू शकली नव्हती. त्या काळी पाऱ्यासारखी विषारी औषधं सर्रास देत. हाडं, सांधे, स्नायू हातांनी सुधारले की शरीर स्वतःच सावरतं, असा त्यांचा विश्वास होता. १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्कस्व्हिल गावी त्यांनी शाळा काढली. पुढे अमेरिकेत ऑस्टिओपॅथ पूर्ण डॉक्टर झाले, औषधं देतात, ऑपरेशनं करतात. ब्रिटनमध्ये आणि इतरत्र ते हातांनी उपचार करणारेच राहिले. बाळाच्या डोक्याला नुसती बोटं टेकवायची पद्धत विल्यम सदरलँड या त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या माणसाची, १९३० च्या दशकातली. कवटीची हाडं लयीत हलतात आणि ती हाताला कळतात, असं त्यामागचं म्हणणं आहे. ते तपासणीत टिकलेलं नाही.

गरोदरपणातल्या कमरेबद्दल चांगला अभ्यास आहे. टेक्सासमध्ये ४०० बायकांवर झाला, २०१५ मध्ये छापून आला. शेवटच्या तीन महिन्यांत ज्यांना नेहमीच्या तपासणीसोबत ऑस्टिओपॅथीही दिली त्यांची कंबर नुसत्या तपासणीवाल्यांपेक्षा कमी दुखली. पण तिसऱ्या गटाला बंद असलेलं अल्ट्रासाउंडचं यंत्र नुसतं फिरवलं होतं, आणि त्या गटात व ऑस्टिओपॅथीच्या गटात ठळक फरक निघाला नाही. याचा अर्थ तुझं दुखणं खोटं होतं असा नाही. कोणीतरी वेळ देऊन, हात लावून, आपलं ऐकून घेतलं की दुखणं खरंच उतरतं. पाणंद काकू आक्काबद्दल जे म्हणाल्या ते यापेक्षा फार वेगळं नाही.

बाळांच्या संध्याकाळच्या रडण्यावर कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये हातांच्या उपचारांचे सहा अभ्यास एकत्र तपासले, मिळून ३२५ बाळं. रडणं थोडं कमी झालेलं दिसलं. पण बाळाला उपचार झालाय की नाही हे आईबापांना माहीतच नव्हतं, असे अभ्यास वेगळे काढले तेव्हा तो फरक पक्का राहिला नाही. या रडण्याचा स्वभाव असा की सहाव्या आठवड्याला कळस होतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. आई थकून उपचाराला नेते ती नेमकी कळसाच्या दिवसांत, मग जे केलं त्याला गुण येतो. तुमच्याकडे तर बाळाचा पोटशूळ बरा करतो असं पुराव्याशिवाय जाहिरातीत लिहूही देत नाहीत.

आपल्याकडे ऑस्टिओपॅथीसाठी वेगळी परिषद नाही. ओडिशात कटकजवळ एका विद्यापीठात पदवी मिळते, आणि अनेक जण मूळचे फिजिओ असून वर हे शिकलेले असतात. त्यातले काही फार चांगले आहेत. पण चार दिवसांचं शिबिर करूनही पाटी लावता येते. म्हणून जायचंच झालं तर मूळ पदवी कोणती, फिजिओ परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, किती तान्ही बाळं हाताळलीत, हे सरळ विचारा. आणि आधी बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी आणा म्हणाला तर तो माणूस जास्त भरवशाचा.

---

सागरगोटा | ब्रिस्टल | २० जून, दुपारी १:१५

ते बंद यंत्राचं मला माहीत नव्हतं. विचार करायला लावलंस. तरी पुन्हा कंबर गेली तर मी त्यांच्याकडेच जाईन, आणि तू समजून घेशील असं वाटतं.

---

पायवाट | राजापूर | २० जून, रात्री ९:००

मी आशांची गटप्रवर्तक आहे. आबोली ताई, तुमच्याकडे आशा येते का? दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी यायचं असतं. माहेरी आलेल्या बाळंतिणी यादीतून निसटतात, हे आमचं कायमचं दुखणं. माहेरच्या गावच्या आशाला तुम्हीच फोन करा. वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या मोफत आहेत आणि न्यायला-आणायला १०२ ची गाडी.

रडण्याविषयी माझं एकच. जे रडणं रोज त्याच वेळी येतं, मधल्या वेळात बाळ हसतं, पितं, वजन वाढतं, ते सोसायचं रडणं. पण बाळ हिरवं ओकलं, शीला रक्त आलं, अंग तापलं, पिणं सोडलं, उठवूनही उठेना, टाळू फुगली किंवा खोल गेली, तर मालीशवाली नाही, ऑस्टिओपॅथ नाही, गाडी बोलवायची. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे त्याच रात्री डॉक्टर. "टाळू पडली" म्हणून तोंडात बोट घालून टाळा वर उचलणारे अजून आहेत. टाळू खोल जाते ती अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे. तोंडात बोट घालून काय होणार? मी त्या पायी एक बाळ गमावलेलं घर बघितलंय, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

तान्ह्याची छाती पिळून "दूध काढणं", नाका-कानात तेल सोडणं, हेही बंद. हलक्या हाताची मालीश मात्र चांगली. २००५ साली आपल्याच देशात झालेल्या अभ्यासात खोबरेलाने मालीश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वेगाने वाढलं होतं. आपलं तेल आपल्या माडाचं, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

---

आबोली | मालवण | २३ जून, रात्री ८:१०

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. आता पुढचं सांगते.

पाळणा त्याच दिवशी फिरवला. खरंच भिंत डावीला होती! बाळ इतके दिवस पिवळ्या भिंतीकडे पाठ करून दाराकडे बघत होतं, आणि आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाही.

शनिवारी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी गळ्यावरून बोट फिरवलं आणि माझं बोट धरून त्याच जागी टेकवलं. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, कातडीखाली एक टणक दोरी. उजवीकडे तशी काहीच नाही. सुरुबन ताईने लिहिलं तेच निघालं. डोळे पाहिले, खुबे फाकवून बघितले, ते चांगले आहेत. खाडीकाठ दादा, तुमच्यामुळे मी तोंडाने सांगितलं. तरी सोनोग्राफीही करून घेतली, तीही नीट आली.

मग फिजिओकडे. एक तरुण मुलगी, माझ्याहून लहान. तिने आधी हात चोळून गरम केले. लेक जागी आणि खुशीत होईपर्यंत वीस मिनिटं थांबली, नुसती गप्पा मारत. मग एका हाताने खांदा धरून दुसऱ्याने हनुवटी हळूच डावीकडे नेली. जिथे लेकीने भुवई आक्रसली तिथे थांबली, पुढे इंचभरही नाही. "ही भुवई म्हणजे हद्द," म्हणाली. तिथेच तीस मोजले आणि सोडलं. माझ्याकडून तीनदा करवून घेतलं, मग आईकडून. दिवसातून चार-पाच वेळा, लंगोट बदलताना करायचं. एका वेळचे तीनशे रुपये, पंधरा दिवसांनी पुन्हा.

गोव्याला सध्या जात नाही. मावसबहिणीला हे सगळं पाठवलंय.

संध्याकाळचं रडणं चालूच आहे. पण आता ती रडते आणि मी घाबरत नाही, एवढा फरक. डाव्या कुशीवर धरून पडवीत हिंडते, पाऊस बघते.

---

रातांबा | दापोली | २४ जून, सकाळी ११:३०

धाग्यात मध्येच शिरते, रागावू नका. मला पस्तिसावा आठवडा चालू आहे, बाळ पायाळू स्थितीत आहे. सासूबाई म्हणतात ओळखीची सुईण पोटावर तेल लावून बाळ फिरवते, सिझर टळेल. खाडीकाठ दादांचं वाचून पोटात गोळा आला. काय करू?

---

सुरुबन | चिपळूण | २४ जून, दुपारी ३:४५

घरी फिरवू देऊ नकोस, हे मी अगदी ठाम सांगते. वार सुटू शकते, नाळेला पीळ बसू शकतो, आणि तिथे बाळाचे ठोके बघायला कोणी नसतं. पोटावरून बाळ फिरवणं डॉक्टरही करतात. साधारण छत्तीस-सदतीस आठवड्यांना, दवाखान्यात, सोनोग्राफी आणि ठोक्यांच्या यंत्राखाली, ऑपरेशन थिएटर तयार ठेवून. जवळपास निम्म्या वेळा फिरतं. पहिलटकरणीला जरा कमी यश येतं. तुझ्या डॉक्टरांना विचार की माझ्यासाठी हे करता येईल का, आणि इथे होत नसेल तर कुठे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही विचारता येईल. बाळ अजून स्वतःहूनही फिरू शकतं. आणि सिझर झालं तर झालं, त्यात कमीपणा काही नाही.

पायात एका बाजूच्याच पोटरीला सूज आणि दुखणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. सुजलेली पोटरी चोळूनही घ्यायची नाही, आत रक्ताची गाठ असू शकते.

---

खाडीकाठ | देवगड | २४ जून, सायंकाळी ७:२०

रातांबा ताई, बाळ कोणत्याही वाटेने येवो, पायाळू राहिलं असेल तर सहाव्या आठवड्याची खुब्याची सोनोग्राफी आत्ताच फाईलवर लिहून ठेवा. पेनाने, मोठ्या अक्षरात. आमची आता नऊ वर्षांची आहे. कबड्डी खेळते.

---

पाणंद | गुहागर | २६ जून, सकाळी ६:४०

आबोली, आक्काचं काय झालं?

---

आबोली | मालवण | २० ऑगस्ट, रात्री १०:१५

काकू, उत्तर द्यायला दोन महिने लागले, माफ करा.

आक्का चार दिवस आलीच नव्हती. मग मीच लेकीला घेऊन तिच्या घरी गेले. फिजिओने शिकवलेलं तिला दाखवलं, भुवईचं सांगितलं, गळ्यावरची ती दोरी तिच्या बोटाला लावून दिली. ती बराच वेळ तिथे बोट ठेवून बसली. म्हणाली, "माका कोणी शिकयल्यानच नाय, तर माका कळतला कसा?" पन्नास वर्षं ही बाई बाळं न्हाऊ घालतेय आणि कोणत्याही दवाखान्याने, कोणत्याही शिबिराने तिला एकदाही बोलावून चार गोष्टी सांगितल्या नाहीत. पायवाट ताई, तुमच्या बैठकीत हा विषय काढता येईल का? आमच्या आशा ताईशी बोलले, ती आक्काला घेऊन यायला तयार आहे.

दुसऱ्या दिवसापासून आक्का आली. नारळाचं दूध आटवून काढलेलं तेल आणलं होतं. वाटी शेगडीवर धरून कोमट केली, आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितला. पाय चोळून झाले की आता सरळ ओढत नाही, बेडकासारखे दुमडून छातीकडे नेते आणि सोडते. लेकीला ते फार आवडतं. मानेला हात लावत नाही. मालीश करताना मात्र कायम डाव्या बाजूला बसते आणि तिथूनच बोलते. हे तिचं तिलाच सुचलं. माझी कंबरही तिनेच सोडवली, निम्मी तिने आणि निम्मी त्या आवळून सोडायच्या व्यायामाने.

रडणं तेराव्या आठवड्यात थांबलं. एके दिवशी साडेआठ वाजले आणि घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

मान अजून पूर्ण सरळ नाही. फिजिओ म्हणते गळ्यावरची दोरी मऊ होत आलीय, आणखी दोन-तीन महिने व्यायाम सोडायचे नाहीत. डोक्याचा चपटेपणा थोडा भरलाय. नारळी पौर्णिमेला नवरा आला, त्याला वाटलं आपण डाव्या बाजूला बसलो तर ती बघणार नाही, म्हणून उजवीकडे जाऊन बसायला निघाला. आक्का आतून तेलाचे हात घेऊन धावत आली, "थयच बस रे!" म्हणून ओरडली. तो तिथेच मटकन बसला, लेकीला हाक मारली. तिने आधी डोळे वळवले. मग थोडी थांबली. मग हनुवटी हलली, हळूहळू, पार खांद्यापर्यंत आली, आणि बापाकडे बघून हसली.

गणपतीला आठ दिवस आहेत, घर सारवायचं राहिलंय. रातांबा, तुझं काय झालं ते लिही.